माप ठेवू का?

दार सताड उघडं असलं तरी तो चौकटीवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा आणि आतलं कोणी मान वर करेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचा. "येऊ का?" खोली त्याचीच होती, टेबल त्याचं होतं, त्या टेबलावरचा कॉम्प्युटर त्याच्याशिवाय कोणाला धड चालूही करता येत नव्हता. तरी रोज सकाळी तेच. "येऊ का?"

पहिल्या आठवड्यात मला ते नाटक वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ते नाटक नाही हे कळलं आणि मग जास्त राग आला. नाटकी माणसाला मनातल्या मनात हसता येतं. खऱ्या माणसाचं काय करायचं? तुम्हीही असे शेजारी, असे सहकारी पाहिले असतील. त्यांच्याजवळ थोडा वेळ बसलं की आपल्याला आपलेच दोष दिसू लागतात.

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. विचारल्याशिवाय त्याचं काही कुठे ठेवलेलं त्याला आवडलं नसतं, आणि आता विचारायची सोय राहिलेली नाही.

नव्वदचं दशक मी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं. छापखान्याचं काम आटलं तेव्हा राजारामपुरीत, एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, नव्याने निघालेल्या एका ऑफिसात नोकरी धरली. गावातल्या व्यापाऱ्यांना वेबसाइट करून द्यायची, हा धंदा. गूळवाले, चांदीवाले, चपलांचे व्यापारी यायचे. साइट तो बनवायचा, तिच्यातला मजकूर मी लिहायचो. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेला. तो आय.टी.आय. करून, कॉम्प्युटरच्या क्लासचं एक सर्टिफिकेट घेऊन आलेला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला तो 'सर' म्हणायचा. बाकी सगळ्या गावाला मात्र तोच हवा असायचा.

फोन घ्यायला सुजाताताई होत्या. फोन वाजला की माझा हात सवयीने थोडा पुढे व्हायचा, आणि त्या माझ्या डोक्यावरून पलीकडच्या खोलीत त्याला हाक मारायच्या. "तुमचाच हाय." मालक आत आले की माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहायचे. चहा आणणारा त्याचा ग्लास वेगळा धुऊन आणायचा. का, तर त्याने कधीतरी चहावाल्याच्या आईच्या दुखण्याची चौकशी केली होती. चौकशी करण्याआधीही म्हणे "इचारू का एक?" असं म्हणाला होता.

मी हे सगळं बघत बसायचो. हेवा हे फार बैठं काम आहे.

महाद्वार रोडच्या एका बोळात त्याच्या वडिलांचं चपलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक बैठक आणि भिंतीला खिळ्यावर अडकवलेले कागदांचे गठ्ठे. गिऱ्हाइकाने उभं राहायचं, त्यांनी खाली बसून कागदावर त्याच्या पावलाभोवती पेन्सिलीने रेघ ओढायची, चवड्याला फीत लावून आकडा टिपायचा. ही पद्धत काही त्यांची एकट्यांची नव्हती. त्यांची एकट्यांची पद्धत त्यानंतरची होती. रेघ पुरी झाली की म्हातारा मान वर करून विचारायचा, "पावणं, माप ठेवू का?" हो म्हटलं तर कागदावर नाव घालून तो खिळ्याला जायचा. पुढच्या वेळी नुसता निरोप धाडला तरी चप्पल तयार. नको म्हटलं तर चप्पल झाल्यावर कागद फाडायचा. चप्पल दोघांना सारखीच. नको म्हणणाऱ्याला कातडं हलकं, असं नाही.

दर दोन दिवाळ्यांनी तो ऑफिसातल्या सगळ्यांसाठी वडिलांकडून चपला बांधून आणायचा. माप लागेल त्याचं स्वतः घ्यायचा. पहिल्या वेळी सुजाताताईंनी पाय पुढे केला, मालकांनी केला. "माप ठेवू का?" दोघंही लगेच म्हणाले, "ठेव की." मग तो माझ्यासमोर बसला. गुडघे टेकून, मान खाली घालून. माझी टाच त्याने डाव्या हाताने हलकेच धरली. पेन्सिल गुदगुल्या करत बोटांभोवती फिरली.

"सर, माप ठेवू का?"

"नको," मी म्हणालो.

कारण काही नव्हतं. म्हणजे होतं. त्या खोलीत सगळ्यांनी त्याला हो म्हटलं होतं, आणि माझ्याकडे त्याला न देता येण्यासारखं तेवढंच एक होतं. आणखीही एक कारण होतं, ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. बोळात पायाशी बसणाऱ्याचा हा मुलगा इथे सगळ्यांच्या वर बसतो, हे मला खुपत होतं. मी पुस्तकं वाचलेला माणूस. असं खुपू नये हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून खुपत होतं.

"बरं," तो म्हणाला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. चपला आल्या त्या सगळ्यांच्या इतक्याच चांगल्या होत्या. बरोबर माझा कागद त्याने आणला होता, तो माझ्यासमोर फाडला आणि टोपलीत टाकला.

माझ्या आईचे पाय सुजायचे. बाजारातली एकही चप्पल तिला व्हायची नाही. हे मी ऑफिसात बोललो नव्हतो. सुजाताताई एकदा घरी आल्या होत्या, त्यांनी त्याला सांगितलं असणार. एका रविवारी आमच्या उघड्या दारावर दोनदा टकटक झाली. "येऊ का?"

आई कोणाला पायाला हात लावू द्यायची नाही. सुनेलाही नाही. त्याने विचारलं, "मावशी, पाय धरू का?" आणि तिने चक्क धरू दिला. दोन्ही पावलांची वेगवेगळी रेघ ओढली त्याने. माप ठेवू का म्हणाला तेव्हा आई हसली. "ठेव बाबा. मी कुठं पळून चाललेय?" पुढे कितीतरी दिवस ती मला सांगत होती, तुझ्या ऑफिसातला तो मुलगा. त्याने पाय धरला तर दुखलं नाही.

तो मुलगा. मी तिचा मुलगा समोर बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

आता एका पत्राची गोष्ट. आमच्या गिऱ्हाइकांत एक अण्णा होते, कुरुंदवाडचे, चपलांचे मोठे व्यापारी. बोळातली सहा घरं त्यांच्यासाठी चपला बांधायची. त्यांतलं एक घर त्याच्या वडिलांचं. अण्णांची साइट त्याने केली होती, आणि ती बघून हॉलंडच्या एका दुकानदाराने उन्हाळ्याचा माल मागितला होता. पत्रात एक अट होती. साइट उघडणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुम्ही जे काही ठेवता, ते त्याला आधी स्पष्ट सांगा आणि त्याला नकार देता येईल असं करा. आमच्याकडे आता तसा कायदा आहे. हे झाल्याशिवाय आम्ही आमच्या साइटवरून गिऱ्हाइकांना तुमच्याकडे पाठवणार नाही आणि माल घेणार नाही.

अण्णा पत्र घेऊन जिना चढून आले. "ह्यो गोरा काय म्हनतोय वो? दुकान आमचं, माल आमचा, आन् आत येनाऱ्याला आमी इचारत बसायचं?"

"अण्णा, बसा की," तो म्हणाला. "साइट उघडली की आपण बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर एक बारीक चिठ्ठी ठेवतो. तिला कुकी म्हणत्यात. त्यो परत आला की ती चिठ्ठी वाचून आपण त्याला वळखतो."

"मग चांगलं हाय की. वळख ठेवल्याली बरी."

"तुमच्या पायाचं माप मी तुम्हाला न सांगता ठेवलं, तर?"

अण्णा स्वतःच्या पायांकडे बघायला लागले. "माजं कशाला ठेवशील तू?"

"तेच त्यो गोरा इचारतोय."

अण्णा हसले नाहीत. पण खाली बसले.

पुढचे चार दिवस तो साइट उसवत होता. मी शेजारच्या खोलीतून बघत होतो. आधी त्याने सगळ्या चिठ्ठ्या शोधून काढल्या. एक होती टोपलीची. गिऱ्हाइकाने निवडलेली चप्पल पान बदललं तरी टोपलीत राहावी म्हणून. ती राहू दिली. "टोपलीच काढून घेतली तर माणूस चपला धरणार कशात? तिच्याबद्दल सांगायचं, पण परवानगी मागायची गरज न्हाई." दुसरी होती गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवायची. ती विचारून, आणि हो आल्यावरच. हो येईपर्यंत काही ठेवायचं नाही.

तिसरी त्याला अनपेक्षित सापडली. पानाच्या तळाशी अण्णांचा लाडका आकडा होता, आजवर किती पाहुणे आले ते दाखवणारा. तो आकडा कुठल्याशा परदेशी कंपनीकडून फुकट आणलेला. ती कंपनी त्या आकड्याच्या आडून आपली स्वतःची चिठ्ठी ठेवत होती. "दुकान आपलं, आन् कोपऱ्यात दुसऱ्याच कोणाचा तरी माणूस वही घेऊन बसलाय," तो म्हणाला, आणि आकडा काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. सुजाताताईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होतं. "माजा आकडा कुटं गेला?"

त्याने येऊन रिसीव्हर घेतला. "अण्णा, माणसं मोजायला माणसं वळखावी लागत न्हाईत. देवळाबाहेरच्या चपला मोजल्या तरी आत किती हायत ते कळतंय की. तसा आकडा देतो तुम्हाला." आणि दोन दिवसांत दिला.

मग सूचनेचा मजकूर लिहायचा राहिला. ते काम माझं.

मी तीन परिच्छेद लिहिले. इतकं घोटीव इंग्रजी मी एम. ए. च्या पेपरातही लिहिलं नव्हतं. स्वागत होतं, शहराचा इतिहास होता, विश्वासाबद्दल एक लांब वाक्य होतं. 'मान्य आहे' हे बटण सगळ्यांत वर. 'नको' तिसऱ्या परिच्छेदाच्या पोटात, एका वाक्याच्या शेवटी, बटणही नाही, नुसता शब्द. मी सांगितलं म्हणून त्याने तो शब्द दाबता येईल असा केला. वाचताना तो एकदा थांबला. "सर, नको जरा आत गेलंय का?"

"शैलीच्या दृष्टीने तिथेच बरं," मी म्हणालो.

"मग राहू दे. सरांच्या लिहिण्यात मी अक्षर हलवणार न्हाई."

तुम्ही म्हणाल, अनवधानाने झालं असेल. नाही. मी छापखान्यात पंधरा पॉइंटचं ठळक अक्षर आणि आठ पॉइंटचं बारीक अक्षर यांच्यात आयुष्य काढलेलं. कुठला शब्द वाचकाला दिसतो आणि कुठला दिसत नाही, हे मला त्याच्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्या पडद्यावर एकदा तरी माझं काम दिसावं, असं मला वाटत होतं. आणि हे परत आलं तर त्याच्यावर येईल, हेही मला दिसत होतं.

परत आलं. आमच्या माणसाला नाही म्हणायची जागा सापडली नाही, हॉलंडवाल्याने लिहिलं. हेच तुमचं विचारणं असेल तर आम्ही माल दुसरीकडून घेतो. आठ दिवसांची मुदत.

अण्णा जिन्यातूनच बोलत आले. "चार दिस काय करत हुतास रं? सहा घरांचं कातडं आनून ठेवलंय मी. तुज्या बापाचं बी काम जातंय, कळतंय का?"

मालक त्याच्याकडे बघत होते. मी शब्दकोश उघडून बसलो होतो आणि त्यातलं एकही अक्षर मला दिसत नव्हतं.

"माझं चुकलं, अण्णा," तो म्हणाला. "मी नीट बघितलं न्हाई. आज करतो."

एवढंच. माझ्या खोलीकडे त्याने मान वळवली नाही. वळवली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्याने माझं नाव घेतलं असतं तर मला त्याचा राग करता आला असता.

तासाभराने चौकटीवर दोनदा टकटक. "सर, येऊ का? हे आपण चार वाक्यांत बसवू या का? मावशींना मराठीत सांगितलं तर कळेल असं."

आम्ही बसवलं. आम्ही काय ठेवतो. कशासाठी. किती दिवस. नको म्हणालात तरी दुकान तुम्हाला उघडं आहे. खाली दोन बटणं, एकाच मापाची, एकाच रंगाची. "हो मोठं आन् नको बारीक केलं तर ते इचारणं न्हाई, सर. ते ढकलणं झालं." हे तो मला टोमणा म्हणून बोलला नाही. टोमणा त्याला येतच नव्हता. म्हणून तो अजून लागतो.

शेवटी त्याने आणखी दोन गोष्टी केल्या. नको म्हणणाऱ्यासाठीही एक चिठ्ठी ठेवली, फक्त एका शब्दाची. "हा नको म्हणालाय, एवढं तरी ध्यानात पाहिजे. न्हायतर बिचाऱ्याला दर पानावर तेच इचारत बसू." आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ घातली. मत बदललं असेल तर इथे सांगा. मी म्हणालो, एकदा उत्तर दिल्यावर कोण बदलतं? तो हसला. "बदलत्यात की, सर. हो म्हणणारा बी बदलतो, नको म्हणणारा बी. परत फिरायला वाट ठेवायची."

माल गेला. सहा घरांचं काम राहिलं. अण्णांनी पेढे आणले आणि पहिला पेढा मला दिला, मजकूर छान झाला म्हणून. तो समोर उभा राहून मान डोलवत होता. मी तो पेढा खाल्ला.

त्या दिवाळीला तो पुन्हा सगळ्यांच्या चपलांचं बघायला आला. बाकीच्यांची मापं होतीच. माझ्यासमोर तेवढा तो नव्याने बसला. टाच धरली, रेघ ओढली, फीत लावली. मी वाट बघत होतो. आता विचारेल, आणि मी म्हणेन, ठेव. शब्द अगदी ओठांवर होता.

त्याने विचारलं नाही. कागदाची घडी घातली आणि उठला.

मला वाटलं, अखेर याच्याही मनात राहिलंच. खरं सांगतो, थोडं बरं वाटलं. दोन वर्षांनी पुन्हा तेच. त्यानंतर पुन्हा. प्रत्येक वेळी मी त्याने विचारावं म्हणून थांबायचो आणि प्रत्येक वेळी तो न विचारता उठायचा.

मधल्या काळात आई गेली. दिवसकार्य झाल्यावर तो आला, दारावर वाजवलं. हातात घडी घातलेले दोन कागद होते. "आमच्यात देत्यात, सर. माणूस गेलं की माप घरच्यांना." मी कागद उलगडले. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर मोठा होता. दर दिवाळीला मी त्या पायांना वाकून हात लावला होता आणि मला ते माहीत नव्हतं. याला माहीत होतं. आई जाऊन पंधरा दिवस झाले होते, तिच्या पावलांची रेघ माझ्या हातात होती, आणि मी या माणसाचा हेवा करत होतो.

दोन हजारचं दशक संपायच्या सुमाराला तो आजारी पडला. पोटाचं काहीतरी होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी भेटायला गेलो तेव्हा तो झोपलेला होता. मी चौकटीवर वाजवलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी तसाच परत आलो, आत गेलो नाही.

तो गेल्यावर महिन्याभराने त्याची बायको ऑफिसात आली. दारात थांबली. "येऊ का?" हातात कापडी पिशवी होती. "त्यांनी सांगून ठेवलं हुतं, ज्याचं त्याला देऊन ये म्हणून." सुजाताताईंना त्यांचा कागद दिला, मालकांना त्यांचा. चहावाल्याचाही निघाला. सुजाताताई कागद छातीशी धरून रडायला लागल्या. मी खिडकीकडे बघत उभा होतो. रडायलाही हातात काहीतरी लागतं, आणि मी आपण होऊन नको म्हटलेलं. आयुष्यभराच्या हेव्यात तो क्षण सगळ्यांत वाईट होता.

"सर, ह्यो तुमचा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "माझा नसेल, वहिनी. माझं माप ठेवलेलं नाही."

"नाव हाय की."

कागद कोरा होता. रेघ नव्हती, आकडा नव्हता. वर माझं नाव होतं. खाली त्याच्या बारीक अक्षरात, पहिल्या दिवाळीची तारीख घालून लिहिलं होतं: सर नको म्हणाले. परत विचारू नये. दर वेळी नवीन माप घ्यावे. आपण होऊन म्हणाले तर ठेवावे.

ऑफिस पुढे बंद झालं. तो कागद माझ्याकडे आहे, आईच्या दोन कागदांच्या खाली. मध्यंतरी एकदा तो जमिनीवर अंथरून मी त्यावर पाय ठेवला आणि पेन्सिल घेऊन वाकलो. स्वतःच्या पायाभोवती रेघ ओढता येत नाही. वाकलं की भार बदलतो आणि पाऊल हलतं. अंगठ्यापर्यंतही पोचलो नाही. टाच दुसऱ्या कोणीतरी धरावी लागते.

सुजाताताईंची त्याने एकदाच धरली होती, मालकांचीही एकदाच. माझी दर वेळी.